दुबार प्रत

पहिली तबकडी कागदाच्या नरसाळ्यावर वाजली. निवेदकाने कार्यक्रमपत्रिकेचा कागद गुंडाळला, निमुळत्या टोकाला टाचणी खोचली, तबकडीच्या भोकात पेन्सिल घातली आणि ड्रायव्हरला ती हळूहळू फिरवायला लावली. नरसाळ्यातून खरोखरच बासरी ऐकू आली. सर्दी झालेली, पण बासरीच. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"परीक्षक बाई, मार्क!" केंद्रप्रमुख मॅडम ओरडल्या.

बाईंनी समोरच्या पुठ्ठ्यांतला सहाचा पुठ्ठा वर करून दाखवला. त्यांचं लक्ष बासरीकडे नव्हतंच. ते भिंतीशी पडलेल्या तबकड्यांच्या ढिगाकडे होतं.

रेडिओ केंद्र उद्यापासून बंद होणार होतं. निरोपाचा कार्यक्रम रडका होऊ नये म्हणून मॅडमनी ही स्पर्धा काढली होती: प्लेअर न वापरता तबकडी वाजवून दाखवायची, युक्ती जितकी चक्रम तितके मार्क जास्त. नंबर असलेल्या तबकड्या सकाळीच कपाटांसकट मुख्यालयाच्या गाडीत चढल्या होत्या. मागे उरल्या त्या दुबार प्रती, म्हणजे एकाच गाण्याच्या जास्तीच्या तबकड्या. त्या उद्या भंगारात जाणार होत्या, तेव्हा त्यांचं काय वाटेल ते करायला सगळे मोकळे होते. परीक्षक म्हणून बाईंना बसवायची कल्पनाही मॅडमचीच. जिने एकतीस वर्षं या तबकड्यांची कपाटं सांभाळली, त्यांना ओरखडा येऊ दिला नाही, तिच्याच पुढ्यात ओरखडे काढायचे आणि तिच्याकडूनच मार्क घ्यायचे. यातली गंमत बाई सोडून सगळ्यांना कळली होती.

त्या ढिगात एक तबकडी दुबार नव्हती. तिची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी केंद्रात तबकडी कोरायचं एक यंत्र होतं. ते दुरुस्त होऊन आलं तेव्हा ध्वनिमुद्रण करणारे साहेब म्हणाले, "चाचणी घ्यायचीय. काहीतरी म्हण." बाईंची आई कपडे वाळत घालताना एक गाणं म्हणायची, तेच त्यांनी म्हटलं. साहेबांनी कानावरचे हेडफोन काढले आणि यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझं रीतसर मुद्रण करू." पुढच्या महिन्यात बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ काढताना आवाजाची नस दुखावली. तेव्हापासून त्या बोलल्या की कुणी करपलेलं पातेलं खरवडतंय असं वाटे. केंद्रातले लोक त्यांना पाठीमागे खरखरबाई म्हणत. पाठीमागे म्हणजे तोंडावर म्हणत नसत एवढंच. ऐकू त्यांना व्यवस्थित जायचं.

ती चाचणीची तबकडी साहेबांनी त्यांच्या हाती दिली आणि बजावलं, "कच्चा माल आहे हा. वाजवशील तितकी झिजेल. आणि इथून बाहेर नेऊ नकोस, धरली गेलीस तर दोघांचीही नोकरी जाईल." साहेब वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दर वर्षी तपासनीस यायचे आणि बिननंबरी तबकडी दिसली की फोडून टाकायचे. दुबार प्रती मात्र कुणी मोजत नसे. म्हणून बाईंनी आपल्या तबकडीच्या कोऱ्या पांढऱ्या लेबलावर 'दुबार' असा जांभळा शिक्का मारला आणि तिला दुबारच्या कपाटात शेवटी सरकवून दिली. सगळ्या नोकरीत त्यांनी एवढी एकच लबाडी केली, आणि ती एकतीस वर्षं पचली. तेवढ्या काळात त्यांनी ती तबकडी चार वेळा ऐकली. शेवटची आई गेली तेव्हा, पंधरा वर्षांपूर्वी.

आज तिला घरी न्यायची म्हणून त्या पुठ्ठा घातलेली पिशवी घेऊन आल्या होत्या. बघतात तो कपाटं गायब आणि दुबार प्रती सभागृहात आडव्यातिडव्या ओतलेल्या.

"मॅडम, त्या ढिगातली एक तबकडी मला हवी होती," त्या म्हणाल्या होत्या.

"एकच का? कार्यक्रम झाला की सगळ्या न्या ना! दुबारच तर आहेत, तुमचेच शिक्के आहेत त्यांच्यावर," मॅडम हसून म्हणाल्या, आणि खांद्याला धरून त्यांनी बाईंना परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं.

मॅडमचं म्हणणं बरोबरच होतं. शिक्के बाईंचेच होते. वरिष्ठांसमोर दुसऱ्यांदा तोंड उघडायची सवय बाईंना नव्हती, म्हणून त्या बसून राहिल्या.

ड्रायव्हरने सायकल उलटी करून मागच्या चाकाला तबकडी बांधली आणि चहाच्या कागदी कपाला सेफ्टी पिन टोचून तिच्यावर धरली. कप थोडासा गायला आणि फाटला. त्याला पाच. टेलिफोनवर बसणाऱ्या मुलीने सुई दातात धरून तबकडीवर टेकवली आणि डोळे मिटून म्हणाली, "अय्या, हाडातून ऐकू येतंय!" पण ते तिचं तिलाच ऐकू येत होतं. "आम्ही काय तुझी कवटी लावायची कानाला?" असं म्हणून लोकांनी तिला बाद केलं. बाई प्रत्येक वेळी आकडा दाखवत होत्या आणि मनात म्हणत होत्या, ढिगातल्या वरच्याच तबकड्या उचला रे, खाली हात घालू नका.

शेवटी तंत्रज्ञ उठला. त्याने भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल आणि बिस्किटांचा रिकामा डबा आणला होता. डब्याच्या बुडातून एक खिळा आरपार ठोकलेला होता. त्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि एक तबकडी ओढून काढली. मधोमध कोरं पांढरं लेबल, त्यावर जांभळा शिक्का.

बाई उठून उभ्या राहिल्या. "ती नको."

"काय म्हणालात बाई?"

"ती राहू दे. दुसरी घे."

"का? काय आहे हिच्यावर?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या आवाजात, त्या गर्दीसमोर, 'मी गायलेय' हे म्हणणं बाईंच्या जिवावर आलं. "खराब आहे ती," त्या म्हणाल्या. "वाजायची नाही."

तंत्रज्ञाचे डोळे चमकले. "मग तर हीच! खराब तबकडी वाजवून दाखवली, तर मार्क जास्त द्यावे लागतील हं!"

त्याने तबकडी बोल्टने ड्रिलला आवळली, खटका दाबला आणि खिळा टेकवला. आधी शेळीसारखी बें-बें ऐकू आली. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायच्या बेतात आले. पण तंत्रज्ञाचा हात हुशार होता. खटका सैल करत करत त्याने वेग बरोबर आणला, आणि बिस्किटांच्या डब्यातून एक तरुण मुलगी गायला लागली.

बाईंनी हात वर केला. परीक्षकांचा हात म्हणून लोक गप्प झाले. खिळ्याच्या टोकाशी केसांसारखे काळे बारीक तंतू निघत होते, टेबलावर पडत होते. खिळा खाच सोलून काढतोय हे त्या खोलीत फक्त बाईंना कळत होतं. थांबवलं असतं तर उरलेला अर्धा भाग वाचला असता. पण पंधरा वर्षांनी तो आवाज कानावर पडत होता, आणि त्यांच्याने थांबववेना. त्या ऐकत राहिल्या. त्यांना वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं.

गाणं संपलं. निवेदक म्हणाला, "छानच गळा आहे हो. कोण म्हणायची ही?"

"मी," बाई म्हणाल्या.

मग असा हशा उसळला की मॅडमना डोळे पुसावे लागले. "एकतीस वर्षांत बाईंनी पहिला विनोद केला, आणि काय केला!" त्या म्हणाल्या. तंत्रज्ञाने वाकून बाईंना मुजरा केला. "बाई, मार्क?"

बाईंनी दहाचा पुठ्ठा उचलला. खिळ्याला दिले, डब्याला दिले की त्या मुलीला, हे कुणी विचारलं नाही. दहा कुणालाच मिळाले नव्हते. सभागृह टाळ्यांनी दणाणलं आणि पाठोपाठ एकच ओरडा सुरू झाला, "पुन्हा! पुन्हा!"

"नको रे," बाई म्हणाल्या. "एकदा झालं ना."

पण दहा मार्क मिळवलेल्या माणसाला कोण अडवणार? ड्रिल फिरलं. खिळा टेकला. या खेपेला डब्यातून नुसती खरखर निघाली. तंत्रज्ञाने वेग वाढवला, कमी केला, खिळा दाबून धरला. खरखरच.

"हां, आता मात्र बाईंचा आवाज आला!" निवेदक म्हणाला. पहिल्यापेक्षा मोठा हशा झाला. बाईही हसल्या. हसल्या नसत्या तर काय झालं म्हणून कुणीतरी विचारलं असतं.

मग केक कापला आणि सगळे तिकडे वळले. तंत्रज्ञाने बोल्ट सोडवून तबकडी बाईंपुढे टाकली. "ही घ्या तुमची खराब तबकडी. टाका त्या ढिगात."

"टाकते," बाई म्हणाल्या.

दोन तळव्यांमध्ये कडेने धरून त्यांनी ती भिंतीपाशी नेली. ढिगातल्या तबकड्या एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. तबकडी आडवी ठेवली की वाकते. बाईंनी आपली तबकडी भिंतीला टेकून उभी केली. ती घसरली. त्यांनी पुन्हा उभी केली, पुन्हा घसरली. एकटी तबकडी उभी राहत नाही, तिला दोन्ही बाजूंनी दुसऱ्या लागतात.

"बाई, केक संपतोय हो!" मागून मॅडमनी हाक मारली.

"आले," बाई म्हणाल्या, आणि तबकडीला हात लावून तशाच वाकून उभ्या राहिल्या.