सगळ्यांच्या मागून माझी नक्कल

मी बोलतेय. एका तरुण आईच्या रक्तपेशीतलं एक्स गुणसूत्र. बोलायला उशीर झालाय, ठाऊक आहे. मला नेहमीच होतो.

या पेशीत आम्ही दोघी एक्स, जावांसारख्या. ती या बाईच्या आईकडून आली, मी वडिलांकडून. बाई पोटात होती तेव्हाच ठरलं, एकीनं घर चालवायचं, दुसरीनं अंग चोरून पडायचं. पडणं माझ्या वाटणीला आलं. पण पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर नक्कल प्रत्येकाचीच हवी. माझी घट्ट वळकटी सुटेपर्यंत बाकीच्यांचं आटपत आलेलं असतं. दर वेळी हेच. दमायला होतं हो.

बाई प्रयोगशाळेत हेच काम करते. नवी नक्कल झालेला भाग चमकेल असा रंग पेशींना द्यायचा आणि कुणाचं कधी उरकतं ते बघायचं. सरावासाठी तिनं स्वतःचंच रक्त घेतलं. पण लेकीला पाळणाघरातून आणायची घाई, म्हणून पेशी वेळेआधीच थांबवल्या.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बाकीची सगळी चमकत होती. मी काळीठिक्कर.

तिनं प्रयोगशाळेच्या मॅडमना हाक मारली. "मॅडम, माझ्यातच खोट आहे. म्हणूनच लेक अजून बोलत नाही. पाळणाघरातल्या मावशी म्हणतात, हिच्या बरोबरीची भांडायला लागली, ही नुसती टकामका बघते."

मॅडमनी भिंगाला डोळा लावला आणि हसल्या. "अगं, दूध तापायच्या आधीच भांडं उतरवलंस! ही झोपलेली एक्स शेवटीच उजळते. तुझ्यात, माझ्यात, सगळ्या बायकांत."

"आणि लेक?"

"ते मला नाही सांगता येणार. कान तपासून घे तिचे. पण या काळ्या रेघेवरून स्वतःला दोष देऊ नकोस."

पुढच्या खेपेला नवऱ्याला पाळणाघरात पिटाळून ती थांबली. रंग अगदी शेवटी, बाकीच्यांचं उरकत आल्यावर दिला. काचेवर बाकीची जवळजवळ विझलेली आणि मी एकटी लखलखीत. बघतच राहिली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "मावशी विचारतायत, घरी तरी बोलते का?"

"सांग, अजून नाही. तपासणीची वेळ घेतलीय." या वेळी 'अजून' म्हणताना तिचा आवाज कापला नाही.

तुम्ही कधी आमच्यात डोकावलात, तर जरा थांबून डोकावा, एवढंच. चला, वळकटी सोडायला घेते. कंटाळा आलाय, पण होईल. माझं आजवर राहिलेलं नाही.