मावशीचा हलगर्जीपणा

ब्रेकमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लोकांना गाडी शिकवताना शेजारी बसून जन्मभर त्यांच्या वतीने ब्रेक दाबत आला, म्हणून पडलेलं नाव. त्यामुळे मावशीच्या पायरीवरच्या कुंडीला अडखळून नेमका त्याचा उजवा पाय मोडला, तेव्हा धंदाच बसला. ज्याचा ब्रेकचा पाय प्लास्टरमध्ये, त्याच्याकडे गाडी शिकायला येणार कोण? जिवावर उदार झालेलं एकच गिऱ्हाईक आलं, तेही गल्लीच्या तोंडाशी उतरून चालू लागलं.

ओळखीच्या एका वकीलबाईंनी मात्र धीर दिला. "मावशींच्या घराचा विमा आहे ना? मग झालं तर. दावा त्यांच्यावर, पैसे कंपनीचे."

"मावशीवर दावा?" मास्तर म्हणाला. आई गेल्यावर हिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

"अहो, कागदापुरता. हे बघा, येणाऱ्या-जाणाऱ्याला इजा होऊ नये ही काळजी घरमालकाने घ्यायची. ती घेतली नाही की झाला हलगर्जीपणा. त्या हलगर्जीपणामुळेच पाय मोडला आणि पायामुळे कमाई बुडाली, एवढं जुळलं की भरपाई मिळते. मावशींनी फक्त म्हणायचं, कुंडी चुकून राहिली."

मावशीची काही हरकत नव्हती. उलट आपल्यावर दावा होणार म्हणून ती ठेवणीतली साडी नेसली आणि ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी विमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसली.

मागून मास्तर आणि वकीलबाईही पोचले. विमा अधिकारी बोलायला अगदी गोड. "कुंडी चुकूनच राहिली ना, आजी?"

"चुकून?" मावशी उसळली. "अहो, एवढी अवजड कुंडी! खाली ओलं पोतं घालून अख्खी सकाळ ओढत आणली मी. चुकून म्हणे!"

वकीलबाईंनी तिला टेबलाखालून पाय मारला. तो बसला मास्तरच्या प्लास्टरवर आणि मास्तर कळवळला.

"म्हणजे मुद्दाम ठेवलीत?"

"मग काय! हा येतो, गाडी दारात चालूच ठेवतो, औषधांची पिशवी माझ्या हातात कोंबतो आणि पसार. आत ये म्हटलं की घाई. म्हटलं, जरा अडखळला, पाय मुरगळला, तर चार दिवस राहील तरी. मोडावा असं नव्हतं हो माझ्या मनात."

आपण मावशीच्या घरात शेवटचं बसलो कधी, हे मास्तरला काही केल्या आठवेना. पाय दुखत होता, पण त्याहून जास्त त्याला स्वतःची लाज वाटली.

अधिकाऱ्याने खुशीत फाईल मिटली. "चुकून झालेल्याचे पैसे कंपनी देते, मुद्दाम केल्याचे नाही. आता यांना भरपाई हवी असेल, तर खुद्द तुमच्याविरुद्ध कोर्टात जावं लागेल."

"मी नाही जाणार," मास्तर म्हणाला. "विषय संपला."

"थांब रे तू." मावशी अधिकाऱ्याकडे वळली. "कोर्टात म्हणजे याला स्वतः यावं लागतं?"

"प्रत्येक तारखेला."

"आणि मला?"

"तुम्हालाही. तुमच्यावरच तर दावा."

"असं किती दिवस चालतं?"

"दिवस कसले, आजी? सात-आठ वर्षं कुठे गेली नाहीत."

मावशीने मास्तरचा हात घट्ट धरला.

"कर बाबा दावा," ती म्हणाली. "मी मुळीच लवकर कबूल व्हायची नाही."