खिळ्यावरचा बॅज

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. एकोणीस वर्षं मी किरणांचे बॅज वाचते. एक्स-रेच्या खोलीत काम करणारे लोक छातीवर छोटा बॅज लावतात. तो दर तीन महिन्यांनी आमच्या प्रयोगशाळेत येतो आणि माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते सांगतो. कुणी तो शर्टाबरोबर धुऊन काढतं, कुणी हरवतं. मग मी फोन करून त्यांची बिनपाण्याने करते.

माझा धाकटा भाऊ अशाच एका इस्पितळात तंत्रज्ञ आहे. हृदयाच्या नळ्या तपासतात त्या खोलीत, एक्स-रे चालू असताना टेबलाशी उभं राहायचं काम. त्याला तिथे मीच लावलं. आई घाबरली होती. मी तिला म्हटलं, त्याचे बॅज मीच वाचणार, मग काळजी कसली?

प्रत्येक पाकिटात एक जादा बॅज असतो, त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. तो कुणी लावायचा नाही. मशीनपासून लांब, कचेरीत ठेवायचा. जमिनीतून, हवेतून सगळ्यांवरच पडतात तेवढेच किरण तो टिपतो. त्याचा आकडा बाकीच्यांच्या आकड्यातून वजा केला की उरतं ते कामामुळे अंगावर आलेलं.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या कचेरीतला कंट्रोल हरवला. केरात गेला असावा. फोन धाकट्यानेच केला. सख्ख्या भावाला सवलत देते असं कुणी म्हणू नये, म्हणून प्रयोगशाळेत सगळ्यांच्या देखत मी त्याला फोनवरच झाडलं. एवढीशी वस्तू सांभाळता येत नाही, माझं नाव घालवतोस, आणि आणखी बरंच काही. शेवटी म्हटलं, "यापुढे तो तुझ्याजवळच ठेव. परत हरवला तर माझ्याशी गाठ आहे."

परत कधीच हरवला नाही. पाकीट वेळेवर, बॅज पुसलेले, यादी मोत्यासारख्या अक्षरात. फक्त पुढच्याच खेपेला त्यांच्या कंट्रोलचा आकडा इतर इस्पितळांच्या सहापट आला. मला दिसला तो. पाकीट वाटेत कुठल्या तरी तपासणीच्या मशीनमधून गेलं असेल, असं म्हणून पुढे गेले. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. वजाबाकी संगणक करतो, आणि धाकट्याचं उत्तर दर वेळी शून्य. एकदा विचारायला फोन उचलला होता, पण उगाच पुन्हा आवाज चढेल म्हणून ठेवला. निदान मी स्वतःला तसं सांगते. खरं म्हणजे ते शून्य मला आवडत होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याने इस्पितळाकडे किरण अडवणारा शिशाच्या काचांचा चष्मा मागितला. त्यांनी त्याला माझाच अहवाल दाखवला: शून्यावर चष्मा कशाला? त्याने मला सांगितलं, तर मी म्हटलं, बरोबरच आहे त्यांचं, चोचले नकोत.

या वर्षी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. वय बेचाळीस. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काम काय करता विचारलं आणि म्हणाल्या, किरणांमुळे असेल. तो म्हणाला, शक्यच नाही, आमची ताई वाचते. हे त्याने मला हसत सांगितलं आणि मला तो सहापट आकडा आठवला.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात त्याच्या एक्स-रेच्या खोलीत गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. टेबलापासून तीन पावलांवर भिंतीत एक खिळा होता. खिळ्याला दोऱ्याने बांधलेला कंट्रोल, त्यावर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी. धाकट्याचा बॅज शिशाच्या एप्रनच्या आत आणि हा भिंतीवर उघडा. याचा आकडा त्याच्या आकड्यातून वजा केल्यावर शून्याशिवाय काय उरणार होतं?

"तूच म्हणाली होतीस ना," तो म्हणाला, "जवळ ठेव म्हणून." आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मी भांडले असते, मला तेवढं येतं.

आठवडाभर बसून मी शेजारच्या इस्पितळाचा कंट्रोल धरून त्याचे अठ्ठावीस अहवाल पुन्हा मांडले. एकही शून्य नव्हतं. एप्रनच्या आतला बॅज एवढं सांगत होता, तर वर उघड्या डोळ्यांनी किती सोसलं असेल. पहिल्याच वर्षी कळलं असतं तर चष्मा मिळाला असता, काम बदललं असतं. साहेबांना मी सगळं लिहून दिलं, माझी चूक माझ्या नावासकट. डोळे शस्त्रक्रियेनंतर सुधारतील म्हणतात. पण किरण डोळ्यांपाशी थांबत नाहीत, हे मी नवख्यांना दर वर्षी शिकवते.

कागद घेऊन त्याच्या घरी गेले. काय झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे नीट जमलीही नाही. त्याने कागद खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला, आणि माझ्याकडे परत दिला.

"मला दिसत नाही गं," तो म्हणाला. "तूच वाच."

मी पहिल्या तिमाहीपासून वाचायला लागले.