डाव्या कुशीचा थर

मी एक जुना अंगरखा आहे. जुना म्हणजे फाटका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझे टाके अजून घट्ट आहेत. घामाचा वास येतो, पण तो माझा नाही. ज्यांनी मला घातलं त्यांचा आहे. मित्रांनो, चित्रातले जुन्या काळचे योद्धे तुम्ही पाहिले असतील. डोक्यावर लोखंडी टोप, छातीवर लोखंडी पत्रा, हातात तलवार. त्या पत्र्याच्या आत काय असतं ते मात्र कुणी चित्रात काढत नाही. आत मी असतो. पत्रा नुसता चमकतो, मार मी खातो.

खऱ्या युद्धाचं तोंड मी कधी पाहिलं नाही. जुन्या पद्धतीच्या लढतींचे सामने भरवणारं एक हौशी मंडळ होतं, त्याच्यासाठी मला शिवलं. आठवडाभर दुकानं आणि कचेऱ्या सांभाळणारी माणसं सुट्टीच्या दिवशी चिलखत चढवायची, बोथट तलवारींनी एकमेकांना बडवायची आणि संध्याकाळी एकाच बाकावर बसून चहा प्यायची. मंडळ चालवायचा वजनकाटे दुरुस्त करणारा एक माणूस. त्याचा सख्खा धाकटा भाऊ त्याला दादा म्हणायचा, म्हणून सगळं मैदानच त्याला दादा म्हणू लागलं. धाकटा सुतार होता. मैदानाभोवतीचं लाकडी कुंपण त्यानेच उभं केलं होतं.

त्या दोघांची आई गाद्या-उशांच्या दुकानात शिवणकाम करायची. धाकट्यासाठी मला तिनेच शिवलं. जाड्याभरड्या कापडाचे थर, मध्ये कापूस आणि वरून उभे टाके. दादा समोर बसून नियम सांगत होता.

"एवढंच हं आई. याहून जाड नको."

"मला शिवण शिकवतोस का रे?" आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवत राहिली.

दादा बाहेर गेला तसा तिने कपाटातून निळ्या ब्लँकेटचा एक तुकडा काढला. धाकटा लहानपणी ते पांघरून झोपायचा. आदल्या वर्षी शिडीवरून पडून धाकट्याची डावी बरगडी मोडली होती. ती जुळली होती, पण थंडीत ठणकायची. आईने तो तुकडा घडी करून माझ्या डाव्या कुशीत घातला आणि वरून असे बारीक टाके घेतले की कुणाला पत्ता लागू नये. मला तेव्हा फार मोठेपण वाटलं. बाकीच्या अंगरख्यांत नुसता कापूस, माझ्यात आईचा जीव.

आता मैदानाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्या मंडळात गुण मोजणारा पंच नव्हता. ज्याला वार बसला त्यानेच हात वर करायचा आणि हरलो म्हणायचं. दादाला या रीतीचा भारी अभिमान. पण त्यासाठी वार अंगाला कळायला तर हवा. म्हणून सामन्याआधी तपासणीचं टेबल लागायचं. तलवारीच्या धारेवरून जुना मोजा फिरवायचे. धागा अडकला की तलवार बाद. टोपाची फट फार रुंद नाही ना, हे काडी घालून बघायचे. आणि अंगरखा दोन्ही कुशींना चिमटीत धरून बघायचे. फार जाड लागला तर परत पाठवायचे.

माझी पाळी आली तेव्हा दादाने हात हलवला. "हा घरचाच आहे. आईने माझ्यासमोर शिवलाय. पुढचा घ्या."

मला कुणी चिमटीत धरलं नाही. पुढेही कधी धरलं नाही. रांगेत ताटकळावं लागलं नाही म्हणून मी तेव्हा खूश झालो होतो.

नंतरची वर्षं मजेत गेली. धाकट्याच्या डाव्या हातात ढाल असायची, त्यामुळे त्या कुशीवर वार असा बसतच नसे. उजवीकडे, खांद्यावर, पाठीवर बसला की तो लगेच हात वर करी. पाहणाऱ्यांना काही दिसायच्या आत करी. "याचा हात वाराच्या आधीच वर जातो," असं लोक थट्टेने म्हणायचे. नवीन आलेल्यांना दादा सांगायचा, हात कसा वर करायचा ते माझ्या भावाकडून शिका. सामने संपले की आई मला उन्हात पसरायची, उसवलेलं शिवायची. माझ्यासारखा सुखी अंगरखा कुठे नसेल असं मला वाटायचं.

मग तो अंतिम सामना आला. समोर होता दुसऱ्या मंडळाचा बेकरीवाला. अंगाने आडवा, पण मनाने सरळ गडी. कुंपणाला माणसं खेटून उभी होती. त्यांच्यात सकाळपासून कुजबुज चालली होती की भरवणाऱ्याचा भाऊ आहे, तोच जिंकणार. ती दादाच्या कानावर गेली होती. त्याचा चेहरा पडला होता.

लढत रंगली आणि धाकट्याच्या ढालीचा पट्टा तुटला. ढाल खाली पडली. बेकरीवाल्याने तलवार फिरवली आणि वार थेट माझ्या डाव्या कुशीवर आला. आवाज एवढा मोठा झाला की कुंपणावरची पोरं गप्प झाली. मी तो वार झेलला. ब्लँकेटच्या घड्यांनी तो सगळाच्या सगळा पिऊन टाकला. धाकट्याच्या अंगापर्यंत काहीच पोचलं नाही.

बेकरीवाल्याने तलवार खाली केली आणि तो हात वर होण्याची वाट पाहू लागला. टोपाच्या आत सगळे आवाज सारखेच घुमतात, त्यामुळे हा का थांबला ते न कळून धाकटाही थांबला. मैदानात कुजबुज वाढली. दादा तरातरा मध्ये आला.

"हात वर कर."

"कशासाठी दादा?"

"वार बसलाय तुला."

"मला काहीच जाणवलं नाही. खरंच सांगतो."

"सगळ्या मैदानाने बघितलंय," दादा मोठ्याने म्हणाला. त्याला ते सगळ्यांना ऐकवायचं होतं. "माझा भाऊ आहेस म्हणून इथे खोटं खपवून घेणार नाही. या मैदानात पुन्हा पाय ठेवायचा नाहीस."

मित्रांनो, मी आतून टाहो फोडत होतो. मला एकदा चिमटीत धरा, एवढंच मला म्हणायचं होतं. पण कापडाला तोंड नसतं. धाकट्याने टोप काढला, पत्रा काढला, मला काढलं. त्यानेच ठोकलेल्या कुंपणावर त्याने मला नीट घडी करून ठेवलं आणि तो घामेजल्या सदऱ्यानिशी बाहेर पडला. महिन्याभरात त्याने आपली सुतारकामाची हत्यारं दुसऱ्या शहरात हलवली. आईला दोघांनी एवढंच सांगितलं की खेळावरून वाजलं. पुढे तो आईला भेटायला यायचा तो सामन्यांच्या दिवशी. दादा तेव्हा मैदानावर असायचा.

मी गेलो मंडळाच्या सामानाच्या पेटीच्या तळाशी. "तो कुणाला देऊ नका," असं दादाने बजावलं होतं. बाकीचे अंगरखे वर्षावर्षाला बाहेर पडत, मार खाऊन, ऊन खाऊन परत येत. माझ्या नशिबी अंधार आणि गंजक्या टोपांचा शेजार. उंदरांनी माझी एक बाही कुरतडली. त्याचं मला विशेष वाटलं नाही. धाकट्याला लोक खोटारडा म्हणतात, आणि तो खोटारडा नाही हे फक्त मला ठाऊक आहे, याचं वाईट वाटायचं.

दादाचे केस पिकले. एका सामन्यात प्रेक्षकांना लढत कशी असते ते दाखवायचं होतं आणि दाखवणारा माणूस आयत्या वेळी आजारी पडला. दादा म्हणाला, मीच उतरतो. त्याच्या पोटाला बसेल असा दुसरा अंगरखा मिळेना, म्हणून नाइलाजाने मला बाहेर काढलं. समोर होती मंडळात नवीनच आलेली एक नर्स. तिने झोकात तलवार फिरवली आणि वार डाव्या कुशीवर बसवला. तोच मोठा आवाज. ती तलवार खाली करून उभी राहिली. दादाही उभा राहिला. माणसं हसू लागली.

"काका, हात वर करा ना," ती हळूच म्हणाली.

"का? कुठे बसला?"

"डावीकडे. केवढ्याने वाजला."

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग खाली माझ्याकडे. त्याने हातमोजा काढला आणि मला डाव्या कुशीला चिमटीत धरलं. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. तो कुंपणापाशी जाऊन खाली बसला.

घरी गेल्यावर त्याने मला आईपुढे ठेवलं. "आई, या बाजूला काय भरलंयस?"

"सापडलं का शेवटी?" आई हसली. "त्याची बरगडी दुखायची ना, म्हणून ब्लँकेट घातलं. तुला सांगितलं असतं तर नियम काढून बसला असतास."

दादाने माझी घडी केली. दुसऱ्या दिवशी पिशवीत मला घालून त्याने बस धरली. धाकट्याच्या कामाच्या जागी सगळीकडे भुसा होता. दादाने मला पिशवीतून काढून त्याच्या टेबलावर ठेवलं.

"त्या दिवशी तू खरं बोलत होतास," दादा म्हणाला.

"हो. तेव्हाही मी तेच सांगत होतो."

एवढं बोलून धाकटा माझ्याकडे वळला. त्याने मला चाचपलं, डाव्या कुशीशी त्याची बोटं थांबली. "निळं ब्लँकेट?" त्याने विचारलं. दादाने मान हलवली.

"मी सगळ्यांसमोर सांगतो. तू ये. पुन्हा उतर मैदानात."

"सांग हवं तर. पण माझं अंग आता त्या खेळाचं नाही राहिलं, दादा. गेली ती वर्षं." त्याने मला घडी करून परत दादाच्या हातात दिलं. "आणि आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला वाटेल तिच्यामुळे झालं."

दादाने ते पाळलं. पुढच्या सामन्याला आई घरी असताना त्याने भर मैदानात सगळं सांगितलं. पण ऐकायला बेकरीवाला नव्हता, कुजबुजणारे नव्हते, आणि ज्याच्यासाठी सांगायचं तो आईपाशी बसला होता.

आता मी तपासणीच्या टेबलावर असतो. नवीन माणसाला दादा आधी माझ्या दोन्ही कुशी चाचपायला लावतो. परवा आईने माझी कुरतडलेली बाही शिवली. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, दादा ओवून देतो. शिवून झाल्यावर तिने माझ्या डाव्या कुशीवर हात फिरवला.

"बरं केलं मी हा थर घातला," ती म्हणाली. "त्या मैदानात एवढा खेळला, पण माझ्या लेकराला कधी काही झालं नाही."

"हो आई," दादा म्हणाला.

मित्रांनो, मला उन्हात घाला, उंदरांपासून जपा, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. समोरच्याचा हात वर गेला नाही, तर त्याला खोटं ठरवण्याआधी दोन पावलं जवळ जा आणि त्याच्या अंगावर काय आहे ते आपल्या बोटांनी चाचपून बघा.