सूर्यभानचा मेलेला हात

सूर्यभानचा डावा हात मेला त्याला दोन महिने होत आले होते. दोन्ही हात जिवंत असताना त्याला एवढा मान कधीच मिळाला नव्हता. पाहुणे वैजापूरला यायचे, झोळीत टांगलेल्या त्या हातापुढं मयताला बसल्यासारखे बसायचे आणि उठताना बिभीषणला, म्हणजे सूर्यभानच्या धाकट्या साडूला, शिव्या घालून जायचे. शिव्या कमी पडल्या तर सूर्यभान आणखी सुचवायचा.

भांडण झालं फेट्यावरनं. खुलताबादला सासरच्या लग्नात पहिला फेटा थोरल्या जावयाचा. तो कुणीतरी बिभीषणला बांधला. बिभीषण बजाजनगरात राहणारा, कंपनीतला माणूस, कायम इस्त्रीत. त्याला फेटा शोभलाही, आणि तिथंच सूर्यभानचं डोकं फिरलं. त्यानं शेमला धरून ओढला. फेटा उलगडत गेला, बिभीषण स्टेजवर भोवऱ्यागत फिरला, आणि दुसरं टोक हाती लागताच त्यानं असा हिसका दिला की सूर्यभान वरनं थेट बँडवाल्याच्या ढोलावर. ढोल फुटला. कोपराला मुका मार बसला. सूज आठवड्यात उतरली, राग काही उतरेना. मग सूर्यभाननं हात मारून टाकला आणि पोलिसांत गेला.

आता डॉक्टरनं नस तुटली म्हटलं की मोठं कलम लागणार होतं, आणि मोठं कलम लागलं की बिभीषणची नोकरी जाणार होती. सूर्यभानला बाकी काही नको होतं. शहरातल्या दवाखान्यात नसांची तपासणी ठरली. सासू द्वारकाबाईनं सांगून टाकलं की तपासणीला मी स्वतः बसणार, दोन्ही जावयांनी तिथं हजर राहायचं, आणि जो खोटा निघेल त्यानं माझ्या दारात पाय ठेवायचा नाही.

सूर्यभानची तयारी पक्की होती. गावात एक्स-रे काढणाऱ्या रामकिसननं त्याला ज्ञान दिलं होतं की मशीन नसेत करंट सोडतं आणि तो किती जोरात पळतो ते मोजतं. मेलेल्या नसेत तो पळत नाही, आणि गार हातात पळाला तरी लंगडत पळतो. म्हणून खुलताबादला सासूला जीपमध्ये घेताना सूर्यभाननं रसवंतीवरनं बर्फ घेतला, पिशवीत भरला, पिशवी झोळीत कोंबली आणि हात त्यात पुरला. रामकिसननं उन्हाचा विचार केला नव्हता. दौलताबादचा घाट उतरेपर्यंत पिशवी गळायला लागली आणि शहराजवळची छावणी येईस्तोवर सूर्यभानची पँट पुढनं पार भिजली. द्वारकाबाईनं एकदा खाली बघितलं, मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जावई, हाताचं नंतर बघू. आधी खालचं दाखवा."

दवाखान्याच्या बाकावर बिभीषण बसलेला होता. त्यानंही पँटकडं बघितलं. नुसती सरकून जागा करून दिली, आणि ते सूर्यभानला शिवीपेक्षा जास्त लागलं.

आत डॉक्टर तनुजाताईंनी हात हातात घेतला आणि दचकल्या. हात शवागारातनं आणल्यासारखा गार होता. सूर्यभानला वाटलं, निम्मं काम झालं. पण ताईंनी कातडीचं तापमान घेतलं, हात टॉवेलात गुंडाळला, वर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि कोमट होईपर्यंत बसून राहा म्हणाल्या. गार हाताची चाचणी त्या करतच नव्हत्या. सूर्यभान घामाघूम बसला. रामकिसनच्या आईबहिणीची त्यानं मनातल्या मनात एवढी आठवण काढली की हात वेळेच्या आधीच तापला.

मग करंगळीला पट्ट्या चिकटल्या आणि मनगटापाशी झटका बसला. सूर्यभान मनानं हाताला धरून बसला होता, हलू नको म्हणून दम देत होता. करंगळी टुणकन उडाली. कोपरापाशी झटका दिला, परत उडाली.

"मी नाय हलवली," तो म्हणाला.

"मीच हलवली," ताई म्हणाल्या. "यात तुम्हाला कुणी विचारत नाही. झटका नसेला बसतो, नस स्नायूला सांगते, स्नायू उडतो. मधे तुमची मर्जी लागतच नाही."

नस घोड्यागत पळत होती. सूर्यभानचा भरवसा आता सुईवर होता, कारण सुई टोचल्यावर हात आवळा असं सांगतात हे त्याला माहीत होतं, आणि न आवळणं तर त्याच्या हातात होतं. सुई बोटांमधल्या स्नायूत गेली. मेलेल्या हाताला दुखत नसतं, म्हणून त्यानं दात दाबून धरले आणि डोळ्यांतलं पाणी घाम म्हणून पुसलं. हात मात्र असा ढिला सोडला की मढ्यानं शिकवणी लावावी. मशीनच्या स्पीकरमधनं आवाज नाही, काही नाही. त्यानं सासूकडं विजयानं बघितलं.

ताई म्हणाल्या, "शाबास. असेच राहा. नस तुटून इतके दिवस झाले असते तर स्नायू गप्प राहिला नसता. मालक गेलेलं घर असतं ना, तसा आपोआप खडखड करतो, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. तुमचा गप्प आहे. म्हणजे ठणठणीत आहे, फक्त तुम्ही त्याला कामाला लावत नाही."

द्वारकाबाईनं पदर सावरला. "म्हंजी हात आळशी हाय व्हय?"

पद्धत म्हणून ताईंनी दुसराही हात तपासला. आणि तिथं त्यांची भुवई चढली. उजव्या हाताची नस कोपरापाशी आल्यावर रेंगाळत होती. करंगळीला मुंग्या येतात का, त्यांनी विचारलं. येत होत्या, महिनाभर येत होत्या, पण डाव्याच्या सरबराईत उजव्याकडं लक्ष कुणी द्यायचं? फोन फार वेळ धरता का, असंही त्यांनी विचारलं. त्यावर द्वारकाबाईच बोलली. खाटेवर पडून, कोपर दुमडून, कानाला फोन लावून हा माणूस सकाळपासनं झोपेपर्यंत पाहुण्यापाहुण्याला बिभीषणची निंदा सांगतो, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. ताई म्हणाल्या की मग यामुळंच नस दाबली गेली असणार, आता फोनला डावा हात वापरा.

सूर्यभान झोळीशिवाय बाहेर आला. बिभीषण उठून उभा राहिला. विचार करायला दारापासून बाकापर्यंतच वेळ होता, तेवढ्यात सूर्यभानला जे सुचलं ते त्यानं छाती काढून सांगितलं, "नस दाबलेली निघाली. ढोलावर पडलो तवा उजवाच हात खाली आलता. डावा मी चुकून सांगितला."

मागनं द्वारकाबाई आली आणि तिनं आतलं सगळं, आळशी हातापासनं फोनपर्यंत, बाकावरच्या पेशंटांसकट सगळ्यांना ऐकवलं.

बिभीषण हसला नाही. फार मवाळ आवाजात म्हणाला, "साडू, दोन महिने हात मारून बघितला. आता अक्कल मारून बघा. तपासणी बी नाय लागायची, सगळ्यांना आधीच पटलेलं हाय."

डावा हात उठला. त्यानं सूर्यभानला विचारलंच नाही, सरळ बिभीषणच्या कानाखाली वाजला, असा खणखणीत की आतनं तनुजाताई बाहेर आल्या.

"आळस गेला," द्वारकाबाई म्हणाली.

बिभीषण कान धरून बाकावर बसला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सुख पसरलं. "म्याडम," तो म्हणाला, "मला या कानानं काय ऐकू येईना. कानाची नस बी तपासता येती का?"

ताई म्हणाल्या, येते. पेशंट झोपला तरी चालतं, मशीन परस्पर नसेला विचारून घेतं.

"मग झोपतोच मी," बिभीषण म्हणाला आणि आत शिरला.

सूर्यभान बाहेर बाकावर बसला. कानाची नस गेलेली निघाली तर मोठं कलम आता त्याच्यावरच लागणार होतं. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदाच त्यानं साडूच्या तब्येतीसाठी देवाला हात जोडले. दोन्ही.