जाड फाईलीची पाळी

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो. 'दंड भरावा' हे दोनच शब्द मला येतात. माझी लाकडी मूठ घासूनपुसून गुळगुळीत झाली तेव्हा वाटलं होतं, आता कर बुडवणाऱ्या बड्या लोकांची खैर नाही. कसलं काय! एकवीस वर्षं करकचेरीतल्या एकाच टेबलावर डोकं आपटतोय.

आमच्या कारकूनबाई मनाने वाईट नाहीत. पण साहेब संध्याकाळी एवढंच विचारतात, "आज किती फाईली संपवल्या?" पानं किती, ते कोणी विचारत नाही. मग बाई पातळ फाईली आधी उपसतात. एका मोठ्या कंपनीने उत्पन्न लपवल्याच्या तक्रारीची फाईल नऊशे पानांची. मोजताना तीही एकच धरतात, म्हणून तिला कोणी हात लावत नाही. ती खिडकीशी पडून असायची आणि माझी शाईची डबी तिच्यावर ठेवायचे.

गेल्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. सासूबाई दवाखान्यात, त्या धावपळीत कर चार दिवस उशिरा भरला गेला. पायाने मशीन चालवून त्यांचे गुडघे कामातून गेलेले. मोटर बसवायला त्यांनी पै पै करून दोन हजार साठवले होते. दंड नेमका तेवढाच.

"बाई, या खेपेला सोडा की," त्या म्हणाल्या.

"माझ्या हातात असतं तर सोडलं नसतं का? तुमची पाळी आली, मावशी."

मावशींनी खिडकीकडे पाहिलं. "आणि त्या जाड फाईलीची पाळी?"

"ती वाचायलाच महिना जाईल."

"म्हणजे माझी नऊशे पानांची असती तर मीही सुटले असते."

बाईंनी मला उचलून मावशींच्या तीन पानांवर दाबलं. मला फार लाज वाटली.

यंदा मावशी पुन्हा आल्या, कठडा धरून, एकेक पायरी चढत. कर वेळेआधी भरायला. त्याच दिवशी शिपाई जाड फाईल तळघरात नेत होता. चौकशीची सहा वर्षांची मुदत उलटली, आता ती उघडता येत नाही. संध्याकाळी साहेबांनी ती संपलेल्या फाईलींत मोजली.

माझं रबर झिजलंय, मित्रांनो. मला जपा असं मी म्हणत नाही. माझ्या जागी नवा शिक्का येईल. तुम्ही कधी त्या खुर्चीत बसलात तर आधी जाड फाईल उघडा. पातळ फाईलवाल्या मावशी कुठे पळून जाणार आहेत? त्यांना जिनाही नीट उतरता येत नाही.