लोकांसाठी ठेवलेला माईक

सकाळचा उजेड या खोलीत एकदम येत नाही. आधी तो छताजवळच्या झरोक्याच्या काचेवर नुसता फिकट उमटतो. मग भिंतीवरून हळूहळू उतरू लागतो. घड्याळाच्या तबकडीवर क्षणभर टेकतो, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या पाठीवरून घसरतो, टेबलाच्या कडेशी येतो आणि पुढे यावे की न यावे अशा संकोचात तिथेच थोडा वेळ थांबतो. त्याच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत असतात. त्यांना कुठेही जायची घाई नसते. सर्वांत शेवटी तो माझ्या कपाटाच्या काचेला स्पर्श करतो. तोवर बाहेर रस्त्यावर सायकलींच्या घंटा वाजू लागलेल्या असतात आणि त्याच्याकडे पाहायला कुणाला सवड उरलेली नसते.

मित्रांनो, मी या सार्वजनिक सभागृहातला एक जुना माईक आहे. एका लहानशा कारखान्यात, लांबलचक बाकावर माझा जन्म झाला. जाड चष्मा लावलेल्या एका कारागीर बाईंनी माझ्या पोटात केसाएवढी बारीक तार गुंडाळली, वर पातळ पडदा बसवला आणि डोक्यावर जाळीची टोपी चढवली. मग मला तोंडाजवळ धरून त्या म्हणाल्या, "ऐकतोस ना रे?" माझ्या कानी पडलेले हे पहिले शब्द.

त्यानंतर मी पुष्कळ ऐकले. बक्षीस समारंभ ऐकले, निरोपाची भाषणे ऐकली, हरवलेल्या छत्र्यांच्या आणि सापडलेल्या चपलांच्या सूचना ऐकल्या. प्रत्येक सभेआधी सभागृहाचे राखणदार काका मला मऊ फडक्याने पुसत आणि "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणत. चारपर्यंत ते कधी गेले नाहीत. बोलण्याआधी माणूस एक श्वास घेतो. तो सभेला ऐकू येत नाही, मला येतो. धीट माणसांचा तो श्वास आखूड असतो आणि लाजऱ्यांचा लांब, थरथरता. मला लाजरी माणसे फार जवळची वाटत.

पुढे बिनतारी माईक आले. चकचकीत, हलके, शेपूट नसलेले. काकांनी माझी वायर गुंडाळली आणि मला कपाटात ठेवले. मी रुसलो नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

आमच्या वस्तीच्या टोकाला कोळशावर चालणारे वीजकेंद्र होते. ते आता गॅसवर चालवायचे ठरले. असा बदल करण्याआधी हवेवर, पाण्यावर, माणसांवर काय परिणाम होईल याचा अहवाल लिहावा लागतो. तो लोकांना वाचायला ठेवावा लागतो आणि मग भरसभेत त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्या सभेला जनसुनावणी म्हणतात. तीनशे पानांचा तो जाडजूड अहवाल माझ्या कपाटासमोरच्या टेबलावर तीस दिवस मांडला होता. पहिले चार दिवस त्याच्यावर काकांचा चहाचा पेलाच तेवढा टेकला.

पाचव्या दिवशी लॉन्ड्रीवाल्या मावशी आल्या. इस्पितळाच्या चादरी धुऊन, वाळवून, घड्या करून पोचवणे हे त्यांचे काम. बोलणे इतके हळू की काका दोनदा "काय?" म्हणत. त्या रोज दहाला यायच्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. एके दिवशी ते बोट थांबले.

"काका, इथं लिहिलंय, राखेचा जुना ढिगारा आहे तसाच राहील, वस्तीला त्याचा त्रास नाही."

"मग बरंच आहे की!"

"बरं कसलं? हवा मोजलीय सकाळी अकरा ते चार. अकराला वारा पार फिरलेला असतो. राख येते ती सहा ते नऊ. माझ्या चादरींना विचारा. इस्पितळाने या महिन्यात दोनदा गठ्ठे परत पाठवले. आणखी एकदा आले की काम गेलंच समजा."

"मोजणारे लोक ऑफिसच्या बसने येतात. ती साडेदहाला पोचते," काका म्हणाले. "त्यांच्या घड्याळात सहा वाजतच नाहीत! मावशी, हे सुनावणीत सांगा."

"मी? चारचौघांत माझी बोबडी वळते."

त्या घरी गेल्या. पण गप्प बसल्या नाहीत. एक जुनी चादर फाडून त्यांनी हातरुमालाएवढे तुकडे केले. रोज एक तुकडा दोरीवर सहा ते नऊ लावला, दुसरा अकरा ते चार. कुणाचा कपडा कोणता हे कळावे म्हणून लॉन्ड्रीत न पुसणाऱ्या शाईने कोपऱ्यावर आकडा घालतात. त्याच शाईने त्यांनी प्रत्येक तुकड्यावर तारीख आणि वेळ घातली. सुनावणीपर्यंत अठरा जोड्या झाल्या.

सुनावणीच्या सकाळी काकांनी मला बाहेर काढले. बिनतारी माईक व्यासपीठावरच्या मंडळींना गेले आणि खाली, लोकांसाठी, उभ्या दांडीवर मला बसवले. काका मला पुसत असतानाच मावशी आणि त्यांचे धाकटे भाऊ आले. भाऊ वीजकेंद्रात फिटर होते.

"ताई, अजून विचार कर. तुझ्यामुळे केंद्र बंद पडलं तर मी काय तुझ्या चादरी पिळत बसू?"

"बस की. हात चांगले आहेत तुझे." मावशी हसल्या. "अरे, मी बंद करा म्हणतेय का? ढिगारा झाका म्हणतेय. तुझा गॅस येऊ दे, माझी राख जाऊ दे."

सभा भरली. अध्यक्षबाईंनी नियम सांगितला की आज शेवटचा दिवस, एक वाजता कामकाज संपेल, आणि तोंडी म्हणण्यापैकी माईकवर बोललेले तेवढेच यंत्रात साठवून नोंदीत घेतले जाईल. मग केंद्राच्या इंजिनिअर साहेबांनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवायला सुरुवात केली. ते बराच वेळ चालले. अखेर मावशींचे नाव पुकारले गेले तेव्हा साडेबारा झाले होते. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांचा श्वास ऐकला. इतका लांब श्वास मी आयुष्यात ऐकला नव्हता.

आणि वीज गेली.

पडदा विझला, पंखे थांबले. कुणीतरी ओरडले, "वीज बनवणाऱ्यांच्याच सभेत! दिव्याखाली अंधार तो हाच!" सारे सभागृह खदखदून हसले. इंजिनिअर साहेबही हसले, बिचारे.

"माईक बंद म्हणजे नोंद होणार नाही," लेखनिक म्हणाले. "वीज येईपर्यंत थांबावं लागेल."

"आणि एकपर्यंत नाहीच आली तर?" मावशींनी विचारले.

तेव्हा काका मागून म्हणाले, "बाई, लेखी म्हणणं चालतं ना?"

"चालतं. एकच्या आत हातात आलं पाहिजे."

"मग मावशी बोलतील आणि आम्ही लिहू!"

काकांनी खिडक्या उघडल्या. भावाने बहिणीच्या पिशवीतली दोरी काढून तिचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधले, दुसरे खांबाला, आणि त्याच पिशवीतून तुकडे काढून ते एकेक जोडी चिमट्याने लावू लागले. एक पांढरा, एक राखाडी. एक पांढरा, एक राखाडी. मावशींनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि त्या बोलू लागल्या. आधी थांबत, मग न थांबता. सभेत वाटलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर लोकांनी लिहायला सुरुवात केली. कुणी गुडघ्यावर कागद ठेवला, कुणी पुढच्याच्या पाठीवर. "हळू मावशी, हात दुखतोय!" असे कुणी म्हणाले, तर शेजारीण म्हणाली, "घरी किराण्याची यादी लिहायला सांगितली की असाच दुखतो!" एकला पाच मिनिटे असताना अध्यक्षबाईंच्या टेबलावर एकशे बारा कागद पडले. बाईंनी ते मोजले, मग उठून दोरीपाशी गेल्या आणि एका राखाडी तुकड्यावरून बोट फिरवून ते बोट इंजिनिअर साहेबांना दाखवले.

"आम्ही सहापासून मोजायला हवं होतं," साहेब म्हणाले. एवढेच म्हणाले, पण सरळ म्हणाले.

तीन महिन्यांनी परवानगी आली. तिच्यात एक अट होती. गॅस सुरू होण्याआधी ढिगारा मातीने झाकावा, त्यावर गवत लावावे आणि हवा सकाळी सहापासून मोजावी. ती बातमी आली त्या दिवशी मावशी सभागृहात धावत आल्या आणि इतक्या मोठ्याने हसल्या की काकांना एकदाही "काय?" म्हणावे लागले नाही. आता ढिगारा हिरवा आहे. इस्पितळाने तेव्हापासून एकही चादर परत पाठवलेली नाही. मावशींचे भाऊ नव्या गॅसच्या विभागात कामाला लागले आहेत आणि ती अट आपल्याच बहिणीची, असे ज्याला त्याला सांगत फिरतात.

मित्रांनो, तुमच्याही वस्तीत कुठे असा अहवाल टेबलावर पडून असेल. त्याच्यावर पेला ठेवू नका. तो उघडा, ओळीवर बोट ठेवून वाचा, आणि तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्यात नसेल तर जाऊन सांगा. सांगताना आधी अडखळलात तरी चालते.

माझेही दिवस पालटले. काकांनी मला कपाटात सर्वांत पुढे ठेवले आहे. शाळांच्या सहली आल्या की ते मला हातात घेतात आणि म्हणतात, "मुलांनो, मावशी बोलल्या तो हाच माईक! याच्यातूनच त्यांचा आवाज सगळीकडे गेला." मुले माझ्या जाळीला हळूच हात लावतात. किती वर्षांनी असे कौतुक वाट्याला आले! मी ते मुकाट्याने घेत राहिलो. तारेत थोडीशी वीज मागे राहिली असेल, मावशींचे निदान दोन-चार शब्द तरी माझ्यातून गेले असतील, असे मी मनाला इतक्या वेळा समजावले की ते जवळजवळ खरे वाटू लागले.

पण ते खरे नाही. मावशी बोलल्या तेव्हा मी बंद होतो, आणि त्यांचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.